सुसरीचे डोके व इतर अर्ध्या वस्तूंची व्यवस्था

मी, खाली सही करणारी, वय एकाहत्तर, धंदा पडदे कापणे, राहणार आमच्याच घराचा वरचा मजला, आज आपखुशीने, कोणीही कानाशी न लागता आणि सकाळची रक्तदाबाची गोळी सोडून दुसरे कोणतेही औषध न घेता लिहून ठेवते की माझी बुद्धी शाबूत आहे. खालच्या मजल्यावर राहणारी माझी सख्खी बहीण गेली कित्येक वर्षे गल्लीभर याच्या उलट सांगत असते. त्याची नोंद वकिलांनी घ्यावी. या कागदात तिला 'धाकटी' म्हटले आहे. ती सहासष्ट वर्षांची आहे, पण त्याला माझा इलाज नाही.

येत्या सोमवारी माझ्या छातीचे ऑपरेशन आहे. घाबरण्यासारखे काही नाही असे डॉक्टर म्हणाले, पण म्हणताना ते माझ्याकडे न पाहता खिडकीच्या पडद्याकडे पाहत होते. तो पडदा मीच कापलेला होता, तेव्हा ते कौतुकाने पाहत असतील असेही होऊ शकते. तरी व्यवस्था केलेली बरी.

कलम पहिले : या वस्तू कुठून आल्या

आम्ही दोघी बहिणींनी जन्मभर पडदे केले. माप आणि कात्री माझी, सुई आणि मशीन तिचे. मी प्रत्येक पडदा मापापेक्षा वीतभर जास्त कापते. जास्त झाला तर दुमडता येतो, कमी पडला तर जन्मभर पाय उघडे टाकून लटकत राहतो. धाकटी म्हणायची की माझी वीतच मोठी आहे आणि त्यामुळे आम्ही निम्म्या गावाला फुकट कापड वाटले. हिशेब तिला कधीच जमला नाही.

एकदा एका प्रवासी जहाजाच्या सगळ्या खोल्यांचे पडदे करण्याचे काम आम्हाला मिळाले. ते पाहून जहाज कंपनीचा खरेदी अधिकारी इतका खूश झाला की त्याने आम्हा दोघींना उष्ण समुद्रातली एक सफर बक्षीस दिली. आठ बंदरे, खाणेपिणे मोफत. धाकटीचे यजमान जाऊन तेव्हा वर्ष झाले होते आणि ती कुठे बाहेर पडत नव्हती, म्हणून मी हो म्हटले. मला स्वतःला समुद्र मुळीच आवडत नाही. त्याचे माप घेता येत नाही.

जहाजावर आम्हाला दिलेल्या खोलीत पडदा होता, तोही आमच्याच हातचा. धाकटीने हौसेने तो बाजूला केला तर मागे भिंत. ती आतली खोली होती, तिला खिडकीच नव्हती, पण कंपनीने प्रत्येक खोलीला पडदा मोजला होता आणि आम्हीही न विचारता शिवला होता. धाकटी पलंगावर बसून डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. यजमान गेल्यानंतर ती पहिल्यांदाच हसत होती. हे मी येथे मुद्दाम लिहिते, कारण पुढचे वाचताना ते विसरायला होईल.

खोली एवढीशी, तेव्हा आम्ही नियम केला : एका बंदरावर एकच वस्तू, आणि तीही दोघींच्या मताने. पैसे निम्मे निम्मे. पहिल्या बंदरावर चार फुटी लाकडी सुसर घेतली. पुढे सहा बंदरांवर सहा वस्तू आल्या, त्यांचा उल्लेख पुढे येईल. माणसे बंदरावर उतरून शंखशिंपल्यांच्या कीचेन घेत होती. आम्ही निदान दिसेल असे काहीतरी घेतले. जहाजाच्या शिडीवर सुसर घेऊन चढताना मागे रांग लागली, एक दोघे ओरडलेही, पण त्यांच्यापैकी कोणाची आठवण आज लोकांना आहे? आमची आहे.

कलम दुसरे : आठवे बंदर

आठव्या बंदरावरून आम्ही रिकाम्या हातांनी परतलो. सगळे घोडे तिथे अडले.

एका अरुंद गल्लीत उजव्या हाताला पितळी घंटांचे दुकान होते. मी त्यातली एक घंटा वाजवून, वजन करून पसंत केली होती. डाव्या हाताला एक बाई जमिनीवर बसून शिंपल्यांच्या माळांचे पडदे ओवत होती. धाकटी तिथे उभी राहिली ती हलेना. मी म्हटले, पडदा? पैसे देऊन? आपण? ती म्हणाली, "ताई, जन्मभर लोकांच्या खिडक्या झाकल्या. एकदा तरी दुसऱ्या कुणाच्या हातचा पडदा माझ्या खिडकीला लागू दे."

मी पिशवीतली टेप काढून तो पडदा मोजला. आमच्या खिडकीला तो वीतभर कमी पडत होता. माळा वाकड्या होत्या, गाठी ढिल्या होत्या. मी तसे स्पष्ट सांगितले, धाकटीला आणि त्या बाईलाही. त्या बाईला आमची भाषा येत नव्हती, पण टेप सगळ्यांना कळते. तिने पडदा गुंडाळून ठेवला. तेवढ्यात जहाजाचा भोंगा झाला आणि आम्ही पळत सुटलो. ना घंटा, ना पडदा.

परतीचे दोन दिवस धाकटी त्या भिंतीवरच्या पडद्याकडे तोंड करून झोपून राहिली. मी बरोबरच होते. आजही म्हणेन की तो पडदा कमी पडला असता. कोणाला शंका असल्यास आमच्या खिडकीचे माप वकिलांकडे दिले आहे.

कलम तिसरे : वाटणी

घरी आल्यावर धाकटीने मशीन खाली नेले आणि मजले वेगळे केले. सफरीतल्या वस्तू दोघींच्या पैशाच्या होत्या, त्या वाटणे आले. सात वस्तू दोघींत वाटायच्या तर प्रत्येकीला साडेतीन येतात. एकच वस्तू कापली तर तीच का, असा वाद निघाला असता. म्हणून सातही अर्ध्या करायचे ठरले. टेप मी धरली होती, त्यामुळे वाटणी न्याय्य आहे याबद्दल कोणी संशय घेऊ नये.

सुताराने सुसरीवर करवत ठेवण्याआधी दोनदा विचारले. दोन्ही वेळा आम्ही दोघी एकदमच हो म्हणालो. त्या दिवशी आमचे तेवढे एकच एकमत झाले.

कलम चौथे : सुसर

सुसरीचे डोके व पुढचे दोन पाय माझ्याकडे आहेत. ते नाक्यावरच्या दाताच्या डॉक्टरांच्या बाहेरच्या खोलीत ठेवावे. या गृहस्थांनी माझी चांगली दाढ उपटून किडलेली जागच्या जागी ठेवली आणि वर मलाच धीर धरायला सांगितले. सुसरीच्या जबड्यातला एक लाकडी दात मी स्वतः काढला आहे. तो कोणता हे डॉक्टरांनी ओळखून दाखवावे. शेपटी धाकटीकडे आहे आणि ती तिच्यावर ओले टॉवेल वाळत घालते, असे भाची सांगते.

भाची म्हणजे धाकटीची एकुलती एक मुलगी. शहरात बस चालवते आणि घरात दोन मजल्यांमध्ये निरोप चालवते. पगार फक्त पहिल्या कामाचा मिळतो.

कलम पाचवे : घड्याळ

दुसऱ्या बंदरावरचे पक्ष्याचे घड्याळ माझ्याकडे आणि त्याची किल्ली धाकटीकडे, त्यामुळे ते वाटणीपासून बंद आहे. पक्षी दार उघडून अर्धवट बाहेर आला तसाच राहिला आहे. हे घड्याळ पलीकडच्या चष्मेवाल्यांना द्यायचे माझ्या मनात होते. पण ते या कागदावर साक्षीदार आहेत, आणि साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही मिळत नाही, असे वकिलांनी सांगितले. मी म्हटले, म्हणजे जो समोर उभा राहून सही करतो त्याच्या हाती काही नाही, आणि जो घरी बसून राहतो त्याला घड्याळ? वकील म्हणाले, "ताई, कायदाच तसा आहे." हे वाक्य मी लक्षात ठेवले आहे. पुढे उपयोगी पडेल.

घड्याळ वकिलांना द्यावे. ते वेळेवर कधीच येत नाहीत, त्यांना बंद घड्याळाने काही फरक पडणार नाही.

कलम सहावे : टोपी, झोपाळा, बाटली

गवती टोपी कापता आली नाही. तिच्या सावलीत चार माणसे उभी राहतात. ती एक महिना वर आणि एक महिना खाली असते. माझ्या अंतकाळी ती ज्या मजल्यावर असेल तिथेच राहू द्यावी. जाळीचा टांगता झोपाळा माझ्याकडे व त्याचे दोर धाकटीकडे आहेत. मी जाळीत कांदे ठेवते. बाटलीत जहाज असलेली बाटली तिची, बूच माझे. बूच कोणालाही द्यावे.

कलम सातवे : दगडी पोपट

हे दोन पोपट चौथ्या बंदरावर घेतले. एकाची मान डावीकडे वळलेली, दुसऱ्याची उजवीकडे. शेजारी ठेवले की ते एकमेकांकडे पाहतात. आता एक वर, एक खाली. तिचा पोपट खिडकीपासून किती अंतरावर ठेवला आहे हे मी भाचीकडून काढून घेतले, टेपने मोजले आणि माझा बरोबर त्याच्या डोक्यावर येईल असा वरच्या मजल्यावर ठेवला. याचा उद्देश विचारू नये. माझा पोपट भाचीला द्यावा.

कलम आठवे : ढोल आणि त्याच्या काठ्या

ढोल माझ्याकडे, काठ्या तिच्याकडे. ही वाटणी मला सगळ्यात महाग पडली, कारण त्या काठ्यांनी ती छत बडवते. दोन टोले म्हणजे हळू चाल. तीन टोले म्हणजे नळ बंद कर. चार म्हणजे मशीनवर काम चालू आहे, खुर्ची ओढू नकोस. आठ वर्षे आमचे सगळे बोलणे एवढ्यातच उरकले आणि खरे सांगायचे तर पुष्कळ नवरा-बायकोंचे याहून कमी असते.

ऑपरेशन ठरल्याचे भाचीने खाली सांगितले त्याच्या दुसऱ्या सकाळी मी चहाचे आधण ठेवले आणि खालून एकच टोला आला. एक टोला म्हणजे काय, हे आमच्यात कधी ठरलेले नाही. मी नळ पाहिला, बंद होता. खुर्ची जागेवर होती. तेव्हापासून रोज सकाळी, आधण ठेवले की एक टोला येतो. मी टाचेने एक देते. मग खाली चहाचे भांडे वाजते. परवा मला उठायला उशीर झाला तर खालून टोल्यांचा असा धडाका लागला की चष्मेवाले धावत आले.

ढोल भाचीने ठेवावा.

कलम नववे : घर, कात्र्या वगैरे

वरचा मजला, कापणीचे टेबल, बँकेत असेल ते आणि कात्र्या भाचीला. मोठ्या कात्रीने कागद कापू नये. कागद कापल्याचे मला कळणार नाही या भ्रमात तिने राहू नये.

कलम दहावे : दुसरा साक्षीदार

हे कलम वकिलांना पसंत नाही. त्यांनी ते दोनदा खोडले आणि मी दोनदा पुन्हा लिहिले.

या कागदाला दोन साक्षीदार लागतात. पहिले चष्मेवाले. दुसऱ्या साक्षीदाराची जागा मी मोकळी ठेवली आहे, आणि ती फक्त धाकटीने भरायची आहे. दुसरे कोणी तिथे सही केल्यास ती मी खोडीन. साक्षीदाराने सही माझ्यासमोर करायची असते, आणि मला जिना चढउतार करायला या आठवड्यापासून डॉक्टरांची मनाई आहे. म्हणजे धाकटीला वर यावे लागेल. तसा निरोप भाचीने खाली नेला आहे. शिवाय, मी शुद्धीवर असून माझे डोके ठिकाणावर आहे, हे तिला तिच्या हाताने लिहून द्यावे लागेल. गल्लीने ते वाचावे.

वकिलांनी कपाळाला हात लावून मला यातली ग्यानबाची मेख समजावून सांगितली, ती अशी. मला नवरा नाही, मूल नाही, आईवडील नाहीत. धाकटीने सही केली नाही तर मृत्युपत्र अपुरे राहील, रद्दीत जाईल, आणि एकुलती बहीण म्हणून सगळे तिलाच मिळेल : वरचा मजला, टेबल, सुसरीचे डोके, घड्याळ, पोपट, ढोल. सगळ्या वस्तू पूर्ण होतील आणि तिला जागचे हलावेही लागणार नाही. उलट ती वर आली आणि तिने सही केली, तर साक्षीदार म्हणून तिला बुचाएवढेही काही मिळणार नाही. "म्हणजे ताई, न येण्यात तिचा सगळा फायदा आहे आणि येण्यात निव्वळ नुकसान. कोण येईल?" असे वकील म्हणाले.

मी म्हटले, तेच तर बघायचे आहे.

मला तिने वस्तूंसाठी यायला नको आहे. सोमवारच्या आधी मला तिचे तोंड पाहायचे आहे. आठ वर्षे मी तिला फक्त वरून पाहिले, आणि वरून माणसाचा फक्त भांग दिसतो. तिचा पांढरा झाला आहे. हे कायद्याच्या भाषेत कसे लिहितात ते वकिलांना विचारले, त्यांना आले नाही. म्हणून असेच लिहिले.

कलम अकरावे : जे या मृत्युपत्रात नाही

मजले वेगळे झाल्यापासून धाकटीने स्वतःच्या खिडकीला पडदा लावलेला नाही. काचेवर वर्तमानपत्र चिकटवते. पडदेवालीच्या घराला पडदा नाही, दिव्याखाली अंधार, असे लोक आम्हाला हसतात. मी कापलेला ती घेणार नाही आणि स्वतः शिवणार नाही. तिला काय हवे ते तिने आठव्या बंदरावर सांगितलेच होते.

गेल्या आठवड्यात मी भाचीच्या बसने बाजारात गेले आणि आयुष्यात पहिल्यांदा तयार पडदा विकत घेतला. दुकानदार मला ओळखत होता. त्याला वाटले मी त्याच्या मालाला नावे ठेवायला आले आहे, आणि मी ठेवलीही. पण घेतला. निळा आहे. शिलाई अशी की टाके एकमेकांना ओळखत नाहीत. टेप पिशवीत होती, मी ती काढली नाही. नुसत्या नजरेनेही कळते की वीतभर कमी पडणार.

हा पडदा मी या कागदात कोणालाही देत नाही. यात लिहिला तर तो साक्षीदाराला मिळणार नाही. म्हणून तो मी जिवंतपणीच देणार आहे. घडी घालून दाराजवळच्या खुर्चीवर ठेवला आहे.

तरीही त्या बाईच्या पडद्याच्या गाठी ढिल्या होत्या, हे माझे म्हणणे कायम आहे.

वरील सर्व मी लिहिले, मीच वाचले आणि मला पटले.

स्थळ : वरचा मजला, कापणीच्या टेबलापाशी
दिनांक : शनिवार, सत्तावीस जून, दोन हजार सव्वीस

सही : थोरली

साक्षीदार पहिला

बाईंनी माझ्यासमोर सही केली. सही करताना त्यांना नीट दिसत होते, चष्मा माझ्याच दुकानातला आहे. कागद वाचून झाल्यावर आम्ही तिघे, म्हणजे बाई, वकील आणि मी, चहाचे आधण ठेवून बसलो. खालून टोला आला नाही. बाईंनी टाचेने एक दिला, तरी आला नाही. बाईंनी नळ उघडून पुन्हा बंद केला. चहा उतू गेला. वकील माझ्याकडे पाहू लागले. मग टोला आला तो दारावर.

सही : चष्मेवाला

साक्षीदार दुसरी

मी सगळं वाचलं. वकिलांनी मला सहीआधी तीनदा सांगितलं की सही केलीत तर काही मिळणार नाही. मी म्हटलं, कळलं, पेन द्या.

पहिली गोष्ट, ती सुसर नाही, मगर आहे. दुसरी, चार टोले खुर्चीसाठी नव्हते, ते रेडिओसाठी होते. तिसरी, भांग पांढरा झालेला नाही, वरून उजेड तसा पडतो.

किल्ली आणली होती, घड्याळाला दिली. पक्षी आत जाऊन परत बाहेर आला. वकिलांना ते आता चालू घड्याळ मिळेल, त्यांनी सांभाळावं.

पडदा पाहिला. शिलाई भयंकर आहे, एका कडेचा दोरा आत्ताच उसवलाय, आणि वीतभर कमी पडणार. मी त्याला सुई लावणार नाही. आहे तसाच लावणार.

ताईचं डोकं ठिकाणावर आहे असं लिहून देते. बाहेर काय सांगायचं ते माझं मी बघीन.

सोमवारी दवाखान्यात तिच्याबरोबर कोण जाणार, हे अकरा कलमांत कुठंही लिहिलेलं नाही. मी जाणार.

सही : धाकटी